आजोबा ‘लाडात’ होते म्हणजे नेमके कुठे? – रणगाडे, मोडलेल्या पलटणी आणि घरातल्या आठवणी

माणदेशी_नातू

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मागच्या वर्षी आजी गेली, आणि आजोबांच्या लढाईतल्या दिवसांबद्दल सांगणारं घरातलं शेवटचं माणूस गेलं. आता हातात आहे ते एवढंसं.

आजोबा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. लग्नाआधी मिरजेला रेल्वेच्या शेडमध्ये उमेदवारी करत होते, तिथून १९४२ साली भरती झाले. ब्रह्मदेशात गेले, १९४६ला परत आले, पुढे गावी शेती केली. पेन्शन नव्हती. मी चार वर्षांचा असताना वारले, त्यामुळे त्यांच्या तोंडून मी काहीच ऐकलेलं नाही. सगळं आजीकडून.

आजी सांगायची:

ते ‘डेक्कन हारस’मध्ये होते, ‘शेरमन’ रणगाड्यावर. मेकटाला नावाच्या गावी मोठी लढाई झाली. त्यांचे साहेब लाड म्हणून होते. आजी नेहमी म्हणायची, “ते लाडात होते, म्हणून जगले.” आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे त्या रणगाड्याला म्हणे एक इंजिन नव्हतंच, पाच मोटारींची पाच इंजिनं एकत्र बांधलेली होती. आजोबा त्याला ‘पाच पांडवांची गाडी’ म्हणायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं, आजी महाभारतातलं काहीतरी सांगतेय. मोठे झाल्यावर वाटलं, म्हातारपणी तिची सरमिसळ होत असेल.

घरात वस्तू दोनच. एक काळी लोखंडी ट्रंक. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर होता, पण आता पहिले दोन आकडेच लागतात. दुसरी वस्तू म्हणजे एक जुना स्पार्क प्लग. १९५८ साली घर बांधताना आजोबांनी तो सुतळीला बांधून ओळंबा म्हणून वापरला होता. अजून तसाच सुतळीसकट खुंटीला आहे. कागद एकच, डिस्चार्जचा असावा. वाळवीनं वरचा अर्धा खाल्लाय. युनिटच्या जागी फक्त शेवटची दोन अक्षरं शाबूत आहेत, ‘एम. ई.’

ही कोणती पलटण? मराठी माणसं रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये होती का? लाड नावाच्या साहेबांबद्दल कुणी ऐकलंय का? आणि ज्यांच्या घरी अशा आठवणी आहेत त्यांनी इथे लिहाव्यात ही मनापासून विनंती. पलटण आज आहे की नाही, हे बघू नका.

रानजाई

फार छान धागा. वाखू (वाचनखूण) साठवली. माझ्याकडेही सांगण्यासारखं आहे, वडिलांचं. सवडीनं लिहिते.

कॅन्टोन्मेंटवाली

माझं बालपण नगरला (आता अहिल्यानगर) गेलं. रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र तिथेच, त्यामुळे शाळेत जाताना रोज रणगाडे दिसायचे. रस्त्यावरून गेले की घरातल्या मांडणीतली भांडी वाजायची. आई मांडणीला हात लावून उभी राहायची.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगते. पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स ही नावं आपल्या मुलखाची, पण त्यावरून माणसं आपली असतील असं धरू नका. पूना हॉर्स १८१७ सालचा. दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहानुसार पेशव्यांच्या खर्चानं इंग्रजांनी उभारलेला रिसाला. डेक्कन हॉर्सचं मूळ हैदराबादच्या निजामाच्या फौजेत, १७९०चं. पण पुढे इंग्रजांनी ‘लढवय्या जातीं’चं खूळ काढलं आणि भरती हळूहळू उत्तरेकडे नेली. नाव पुण्याचं राहिलं आणि घोड्यावर, नंतर रणगाड्यात, राजपूत नि जाट बसले. त्यांच्या शौर्याबद्दल प्रश्नच नाही. मुद्दा एवढाच की आजोबा डेक्कन हॉर्सच्या पटावर सवार म्हणून असण्याची शक्यता कमी वाटते. ‘बरोबर’ असतील मात्र नक्की.

माणदेशी_नातू

धन्यवाद. थोडं वाईट वाटलं, पण खरं तेच हवंय. ‘बरोबर’ म्हणजे कसे?

वंगणहात

हे मी सांगतो. मी २८ वर्षं ईएमईत काढली, म्हणजे लष्कराच्या इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्समध्ये. विजयंता रणगाड्यावर हात काळे केले, नंतर टी-७२वर. तुमची पोस्ट वाचली आणि रात्री झोप आली नाही, म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहितोय.

दादा, लाड नावाचा साहेब कुणी नव्हता. एल. ए. डी. लाइट एड डिटॅचमेंट. बोलताना सगळे ‘लॅड’ म्हणतात. आपल्याकडच्या बायाबापड्यांच्या तोंडी त्याचं ‘लाड’ होणारच.

प्रत्येक रणगाडा रेजिमेंटला मेकॅनिकांची एक छोटी तुकडी जोडलेली असते, ती एल.ए.डी. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, दारूगोळ्याच्या नव्हे तर सुट्या भागांच्या पेट्या, आणि बंद पडलेला रणगाडा ओढून आणायची गाडी. माणसं रेजिमेंटच्या लंगरात जेवतात, रेजिमेंटबरोबर पुढे सरकतात, मरतातही तिच्याबरोबरच. पण कागदावर त्यांची कोअर वेगळी. आजही हीच पद्धत आहे. म्हणून आजोबा ‘डेक्कन हॉर्समध्ये’ म्हणाले ते खोटं नाही, आणि रेकॉर्डमध्ये डेक्कन हॉर्सच्या नावाखाली शोधलंत तर सापडणार नाहीत, हेही खरं.

आता तुमचं ‘एम. ई.’. आमच्या कोअरचं नाव तेव्हा आय. ई. एम. ई. होतं, इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स. स्थापना १९४३. त्याआधी वर्कशॉपची माणसं ऑर्डनन्स कोअरमध्ये, म्हणजे आय. ए. ओ. सी.मध्ये मोडायची. तुमचे आजोबा १९४२ला भरती झाले म्हणजे आधी तिकडे गेले असणार, आणि पुढच्या वर्षी कोअर बदलली. रेल्वे शेडमधला पोरगा फिटर म्हणून घेतला, यात सगळं जुळतं.

आणि पाच इंजिनं. आजीची सरमिसळ नव्हती हो! शब्द न् शब्द खरा आहे. अमेरिकेत विमानांसाठी इंजिनं कमी पडत होती. शर्मनला मुळात विमानाच्या धाटणीचं इंजिन बसवायचे, ते पुरेना. तेव्हा क्रायस्लर कंपनीनं मोटारीची सहा-सहा सिलिंडरची पाच इंजिनं घेतली, वर्तुळात मांडली आणि मधल्या एका गियरला जोडून दिली. तीस सिलिंडर, तीस प्लग. हे धूड मावावं म्हणून रणगाडाच लांब करावा लागला. या प्रकारचे शर्मन बहुतेक सगळे इंग्रजांना मिळाले, आणि ब्रह्मदेशात आपल्या रेजिमेंटनी तेच चालवले. जुन्या फोटोत ओळखायची खूण सांगतो. बाजूनं पाहा, चाकांच्या जोड्यांमध्ये नेहमीच्या शर्मनपेक्षा जास्त फट दिसते.

तुमच्या खुंटीवरचा ओळंबा तीसातला एक आहे. जपून ठेवा.

माणदेशी_नातू

काय लिहू कळत नाही. मी ऑफिसात बसून वाचलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. वडिलांना फोन केला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आई बरोबर सांगत होती.” आम्ही पोरं तिला हसायचो. ती कधी चिडली नाही, नुसतं “हसा” म्हणायची.

गडवाट

+१. एका धाग्यात एवढं सापडावं! वाचतोय.

कॅन्टोन्मेंटवाली

वंगणहात, तुम्हाला साष्टांग. मेकटाला म्हणजे मेकटिला. फेब्रुवारी-मार्च १९४५. २५५व्या टँक ब्रिगेडमध्ये डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स हे दोन्ही रिसाले शर्मन घेऊन होते. इरावती नदी तराफ्यांवरून ओलांडून सतराव्या डिव्हिजनबरोबर ते आत घुसले आणि मार्चच्या सुरुवातीला गाव घेतलं. मग जपान्यांनी बाहेरून वेढा घातला आणि विमानतळासाठी दिवसेंदिवस झुंज चालली. आजोबा कोणत्या ठिकाणी होते एवढं आता तुम्हाला नकाशावर बोट ठेवून सांगता येईल.

त्या लढाईतली एक गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. जपानी शिपाई रस्त्यात खड्डा करून विमानातला बॉम्ब मांडीत घेऊन बसायचे. हातात दगड. रणगाडा डोक्यावर आला की दगड फ्यूजवर मारायचा. शत्रू असला तरी त्या खड्ड्यात बसलेल्या माणसाचा विचार येतोच मनात.

कोकणदिवा

इथे ‘मोडलेल्या पलटणी’ असं शीर्षकात वाचलं म्हणून आलो. आमच्या घरी ‘पलटण मोडली’ हा शब्द रोजचा होता. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची गिरणी बंद पडली, की पणजी म्हणायची, “पलटण मोडल्यागत झालं.”

आम्ही दापोलीकडचे, महार. आमच्या घराण्यात फौजेची नोकरी पेशवाई संपायच्या आधीपासून. १ जानेवारी १८१८ला कोरेगावला लढलेल्यांची नावं स्तंभावर आहेत ती सगळ्यांना ठाऊक आहेत. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर सुभेदार-जमादार राहायचे, त्यांच्या पोरांना फौजेच्या शाळा होत्या. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच पिढीतले. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला सरकारनं आमची भरतीच बंद केली. वर लढवय्या जातींचा उल्लेख आलाय, तेच कारण. शौर्य सिद्ध झालं होतं, वर्दी होती, स्तंभ होता, आणि एका हुकमानं दार बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेला अर्ज पाठवला. काही झालं नाही.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा आमची आठवण झाली. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली. पणजोबा तिच्यात होते. वय १९. पलटण एडनला गेली. आणि १९२१ला मोडली.

आता माझं म्हणणं नीट ऐका. त्या वर्षांत खर्च कमी करायला इंग्रजांनी सगळ्याच पलटणींची फेररचना केली. ३९ रिसाल्यांचे २१ केले, दोघांचा एक केला. पूना हॉर्स असाच ३३ आणि ३४ मिळून झाला. मराठ्यांच्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या सहा पलटणींची मिळून पाचवी मराठा रेजिमेंट झाली. म्हणजे त्यांची नावं गेली तरी वारसा कुठेतरी जोडला गेला, मानचिन्हं पुढे गेली, नव्या पलटणीत जुनी गोष्ट सांगणारा कुणीतरी राहिला. १११चा वारसा मात्र कुठेच जोडला गेला नाही. माणसं घरी पाठवली, बस्स. एका बाजूला नाव बदलणं आणि दुसऱ्या बाजूला दार लावून घेणं, हे दोन्ही ‘मोडणं’च म्हणतात. पण फरक आमच्या घरानं सोसलाय.

पणजोबा परत आले तेव्हा बुटांचा एक जोड बरोबर होता. गावात बूट घालून चालायची सोय नव्हती. त्यांनी ते तेल लावून फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. दर दिवाळीला खाली काढून तेल लावायचे आणि परत वर ठेवायचे. २० वर्षं.

१९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी हा विषय लावून धरला. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ! पणजोबांनी माझ्या आजोबांना स्वतः भरतीला नेलं. आजी सांगायची, त्या दिवशी ते बूट घालून एसटी नव्हती म्हणून बंदरापर्यंत चालत गेले. गावातून. कुणी काही बोललं नाही.

आजोबा पुढे मशीनगनवर होते. विकर्स, पाण्यानं थंड होणारी. त्यांचा उजवा कान शेवटपर्यंत कमी ऐकायचा. आज रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. मी दोनदा जाऊन आलो.

माणदेशी_नातू

कोकणदिवा, हात जोडतो. धागा काढताना मला वाटलं होतं, लोक रणगाड्यांबद्दल लिहितील. बुटांचं वाचून पुढचं काही वाचवेना.

रानजाई

मला लिहायला उशीर झाला. कोकणदिवांच्या प्रतिसादानंतर लिहावं की नाही असं वाटत होतं, पण ‘वारसा जोडला जाणं’ म्हणजे काय, ते आमच्या घरात पाहिलंय म्हणून लिहिते.

वडील दुसऱ्या पॅराशूट बटालियनमध्ये होते. लाल टोपी. पण गावी आले की विचारलं तर म्हणायचे, “आम्ही तीन मराठा.” लहानपणी कळायचं नाही. मराठा रेजिमेंट म्हणजे बेळगाव, हिरवी टोपी. हे तर विमानातून उड्या मारतात.

नंतर कळलं. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन पॅराशूटसाठी निवडली गेली आणि १९५२ला तिचं नाव बदलून दोन पॅरा झालं. इटलीत १० जुलै १९४४ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे याच तीन मराठाचे. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. वडील एसटीनं त्या बाजूला जात तेव्हा खिडकीतून हात जोडायचे. वडिलांचा जन्म घाडग्यांच्या मरणानंतरचा. तरी म्हणायचे ‘आमचे घाडगे’.

११ डिसेंबर १९७१ला दोन पॅरा पूर्व पाकिस्तानात टांगाईलला उतरली. ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायची, पुंगलीचा पूल धरायचा. वडील सांगायचे, उडी मारताना भीती वाटत नाही, तेवढा वेळच नसतो. भीती वाटते ती खाली पोचल्यावर अंधारात आपलं माणूस शोधताना. गावकरी धावून आले, सामानाच्या पेट्या डोक्यावर घेऊन निघाले. भाषा कळत नव्हती, पण बोट दाखवलं की कळायचं.

आणि उत्तरेकडून चालत येऊन त्यांना येऊन मिळाली ती कोणती पलटण? एक मराठा. जंगी पलटण! म्हणजे नाव बदललेली तिसरी आणि नाव राखलेली पहिली, पुलावर भेटल्या. वडील ही गोष्ट सांगताना इथपर्यंत आले की थांबायचे, पाणी प्यायचे, आणि मगच पुढचं सांगायचे. अंधारातून कुणीतरी मराठीत हाक मारली एवढंच त्यांना आठवायचं. काय हाक मारली विचारलं तर सांगायचे नाहीत. शिवी असणार, असं आई म्हणायची.

पंचगंगा

सुंदर, रानजाई.

आमच्याकडचं थोडक्यात. कोल्हापूर संस्थानची राजाराम रायफल्स. खुद्द करवीर दरबारची फौज. १ मार्च १९४९ला संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं आणि फौजेचं काय, हा प्रश्न घरोघर आला. कोल्हापूर, बडोदा, हैदराबाद या संस्थानांच्या फौजांमधून मराठा लाइट इन्फंट्रीत नव्या पलटणी आल्या. बरीच माणसं मात्र वयामुळे, मापामुळे गाळली गेली. आमचे चुलत आजोबा गाळले गेलेल्यांपैकी. राजवाड्यावर पहारा दिलेला माणूस पुढे गुऱ्हाळावर हिशेब लिहायचा. पण बसायचा ताठ.

संस्थानी फौजेतून नव्या पलटणीत जाऊन मोठं नाव केलेली माणसंही आहेत. कर्नल अर्देशीर तारापोर मूळ हैदराबाद संस्थानच्या फौजेतले, शाळा पुण्यात. संस्थानी फौज संपली, ते पूना हॉर्समध्ये आले. १९६५च्या सप्टेंबरात फिलौरा आणि चाविंड्याच्या लढाईत सेंचुरियन रणगाड्यांची ती रेजिमेंट तेच चालवत होते. जखमी झाले तरी मागे जायला नकार दिला, १६ सप्टेंबरला पडले. परमवीर चक्र. आपल्याला रणभूमीवरच अग्नी द्यावा असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तसा दिला.

शिवारपाखरू

१९६५चा विषय निघालाच आहे तर डेक्कन हॉर्सचं एक राहिलं. धागाकर्त्याच्या आजोबांनी मेकटिल्याला ज्या रेजिमेंटचे शर्मन दुरुस्त केले, ती रेजिमेंट २० वर्षांनी खेमकरणजवळ असल उत्तरला शर्मनच घेऊन उभी होती! समोर पाकिस्तानचे पॅटन, जास्त नवे, जास्त चिलखताचे. आपल्याकडे डेक्कन हॉर्सचे शर्मन, तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंचुरियन, आठव्या कॅव्हलरीचे हलके एएमएक्स. शेतांत पाणी सोडून चिखल केला, उसात रणगाडे दडवले, आणि पॅटन जवळ येईपर्यंत गोळी झाडली नाही. जीपवरच्या तोफेनं पॅटन उडवणारे अब्दुल हमीद याच लढाईतले. खंदकात बसून वाट पाहायची हिंमत हीच खरी, यंत्र नवं-जुनं नंतर.

लढाईनंतर मोडके पॅटन भिखीविंडला रांगेत लावले होते, त्याला लोक पॅटन नगर म्हणायचे.

वंगणहात

अगदी. आणि त्या जुन्या शर्मनना २० वर्षं चालू कुणी ठेवलं, हे कुठल्या पुस्तकात येत नाही. सुटे भाग मिळत नसताना एका गाडीचं काढून दुसरीला लावायचं. माझे उस्ताद म्हणायचे, “लढाई सवार जिंकतो, पण गाडी सुरू झाली तर.”

धागाकर्त्यासाठी आणि ज्यांना शोधायचंय त्या सर्वांसाठी कामाचं लिहितो.

युद्धकाळात भरती होऊन १९४६च्या आसपास सुटलेल्या बहुतेकांना पेन्शन नव्हती, आणि पेन्शन नसलेल्यांचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. म्हणून रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका (ईएमईचं सिकंदराबादला, मराठ्यांचं बेळगावला, महारांचं सागरला, रणगाडेवाल्यांचं नगरला), पण तेवढ्यावर राहू नका. आजीला दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांसाठीचं राज्य सरकारचं अनुदान मिळत होतं का? मिळत असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिचा अर्ज असणार, आणि अर्जाला डिस्चार्जची नक्कल जोडलेली असणार. तुमची वाळवीनं खाल्लेली बाजू तिथे शाबूत असेल.

पहिल्या महायुद्धाचं पदक घरात असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा. नंबर, नाव, पलटण कडेवर कोरलेली असते. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचं असेल तर शिपाई, काशाचं असेल तर मजूर तुकडीतला माणूस असण्याचा संभव. दोघंही गेले होते समुद्रापार. काशाचं म्हणून कमी समजू नका.

सांजवात

वंगणहात, कडेवर नाव असतं हे आज कळलं. आमच्याकडचं चांदीचं पदक १९७२च्या दुष्काळात मोडलं. थोरल्या आत्याच्या लग्नात त्याचे तोडे केले. ते तोडे आता माझ्याकडे आहेत. म्हणजे त्या चांदीत कुठेतरी खापरपणजोबांचा नंबर आहे. आज पहिल्यांदा हातात घेऊन बसले.

कॅन्टोन्मेंटवाली

नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, सर्वांनी एकदा जाच. १९९४मध्ये सुरू झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून विजयंतापर्यंत सगळं उघड्यावर, झाडांखाली. मुलं चढू बघतात, पहारेकरी हाकलतो. आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालांचा ‘फामागुस्ता’ हा सेंचुरियनही नगरच्या केंद्रातच जपलाय. पुण्यात जन्मलेला २१ वर्षांचा मुलगा. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. रणगाडा पेटला, मागे या म्हणून हुकूम आला, त्यानं सांगितलं की माझी तोफ अजून चालतेय. माझ्या वडिलांनी तो दाखवला तेव्हा मी सातवीत होते. त्यांनी टोपी काढली नाही, सॅल्यूट केला, म्हणून मीही केला.

माणदेशी_नातू

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आजीचा अर्ज सापडला. तिथल्या लिपिक बाईंनी दोन दिवस कपाटं उपसली, त्यांचे उपकार. नक्कल शाबूत आहे. युनिटच्या रकान्यात टाइप केलेलं आय. ए. ओ. सी. पेननं खोडलंय आणि वर शाईनं आय. ई. एम. ई. लिहिलंय. हुद्द्याच्या खाली ‘फिटर’. वंगणहात, जसंच्या तसं. शेरा आहे, ‘कामात भरवशाचा’. वडिलांनी तेवढीच ओळ तीनदा वाचायला लावली.

मग वडिलांना घेऊन नगरला गेलो. शर्मनपाशी उभं राहून चाकांच्या फटी बघितल्या. वडील गुडघे धरून खाली वाकले, मागच्या बाजूनं इंजिनाच्या झडपांकडे बघत राहिले. प्लग मी खिशात नेला होता, त्यांच्या हातात दिला.

परत येताना मिरजेला आत्याकडे उतरलो. ती ७९ वर्षांची आहे, तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिला सगळं ठाऊक! पाच इंजिनांना आजोबांनी नावं ठेवली होती. सगळ्यांत वरचं धर्मराज, बाजूची दोन भीम आणि अर्जुन, खालची दोन नकुल आणि सहदेव. वरच्यांचे प्लग पटकन निघायचे. खालच्या दोघांसाठी आडवं पडून, हात कोपरापासून उलटा वळवून, न बघता काढावे लागायचे, आणि इंजिन तापलेलं असलं की मनगट भाजायचं. आजोबांच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला डाग होता. आत्या म्हणाली, लहानपणी ती त्याच्यावर बोट फिरवत झोपायची.

मी तिला ओळंब्याचा फोटो दाखवला. तिनं चष्मा लावला, मोबाइल जवळ घेतला आणि म्हणाली, “हा सहदेवाचा.”